जमीन विकली, घर बांधले. पण सवलत मागितली का?



गेल्या खरिपाच्या तोंडावर एक ओळखीचे शेतकरी कार्यालयात आले. माती परीक्षणाचा अहवाल घ्यायला आले असतील असे मला वाटले. पण त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढून टेबलावर ठेवला. आयकर खात्याची नोटीस होती.

"साहेब, आम्ही शेतकरी. आम्हाला कसला आयकर?"

"अण्णा, जमीन विकली होती का?"

"तीन-चार वर्षं झाली. नगरपालिकेच्या शिवेलगतची पंचवीस गुंठे. बत्तीस लाख आले. त्यातून घर बांधलं, थोरलीचं लग्न केलं, राहिले ते बँकेत टाकले. चोरी केली नाही की लपवलं नाही."

अण्णांनी खरोखरच काही लपवले नव्हते, आणि कायद्यात त्यांच्यासाठी सवलतही होती. जमीन विकून आलेला पैसा राहत्या घरात घातला तर करातून सूट मिळते. पण ही सूट आपोआप मिळत नाही. आयकराचे विवरणपत्र, म्हणजे रिटर्न भरून त्यात ती मागावी लागते. अण्णांनी रिटर्न भरलेच नव्हते. तीस लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे खरेदीखत झाले की दुय्यम निबंधक कार्यालयाकडून त्याची माहिती पॅन क्रमांकासह आयकर खात्याकडे जाते. खात्याला व्यवहार दिसला, घर दिसले नाही. आधीच्या सूचना ईमेलवर आल्या होत्या. तो ईमेल पत्ता कोणाचा? पॅन कार्ड काढून देणाऱ्या सेवा केंद्राचा! अण्णांनी तो कधी उघडला नाही, उघडणारही कसे?

मी शेतीचा पदवीधर, करसल्लागार नव्हे. पण अण्णांबरोबर तालुक्याच्या सनदी लेखापालाकडे चार-पाच हेलपाटे झाले. तेव्हा जे शिकलो ते आपल्या कानावर घालतो. शहराकडेच्या गावांत जमिनी विकल्या जात आहेत, त्या पैशातून घरे होत आहेत, आणि अण्णांसारखे पुष्कळ आहेत.

आपली जमीन करात येते का?

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून शेतजमिनीच्या विक्रीचा पैसाही करमुक्तच, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे. खेड्यातली शेतजमीन विकली तर तिच्या नफ्यावर कर नाही. पण खेड्यातली कोणती हे कायदा अंतरावरून ठरवतो, सातबाऱ्यावरच्या गावाच्या नावावरून नव्हे.

दहा हजार किंवा अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीत जमीन असेल तर ती करपात्र. हद्दीबाहेर असेल तर अंतर पाहायचे. नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या वर ते एक लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटर, एक लाखाच्या वर ते दहा लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, आणि दहा लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. या पट्ट्यातली शेतजमीन करपात्र मालमत्ता धरली जाते, मग तिच्यात ऊस उभा असो की ज्वारी. पट्ट्याबाहेरची जमीन विकली तर कर नाही. अंतर रस्त्याने मोजायचे नाही, सरळ रेषेत मोजायचे. रस्त्याने तीन किलोमीटर असलेली जमीन सरळ रेषेत दीडच किलोमीटर भरते, आणि तेथेच माणूस फसतो.

नगरपालिका या शब्दात महानगरपालिका आणि नगरपंचायतही येते. गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. आजोबांच्या वेळी पूर्ण खेड्यात असलेली जमीन आज दोन किलोमीटरच्या आत आली असेल. तेव्हा विक्रीपूर्वी तहसील कार्यालय किंवा नगरपालिकेकडून अंतराचा आणि लोकसंख्येचा दाखला घेऊन ठेवा. जमीन पट्ट्याबाहेर असेल तर हाच दाखला पुढे ढालीसारखा उपयोगी पडतो.

सरकारने जमीन सक्तीने संपादन केली असेल तर गोष्ट निराळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याच्या मोबदल्यावर आयकर नाही, आणि आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाने २०१६ च्या परिपत्रकात ते मान्य केले आहे. तरीही कोठे मोबदल्यातून दहा टक्के कापले गेले असतील तर रिटर्न भरून ते परत मागता येतात. वाटाघाटीने थेट खरेदीखत करून दिले असेल तर मात्र कागद जाणकाराला दाखवूनच पुढे जा.

कर किती, सूट किती

आता हिशोब पाहू. वडिलोपार्जित जमीन आहे, २०२५-२६ या वर्षात विकली, खर्च वजा जाता हातात चाळीस लाख आले असे समजा. जमीन १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची तिची रास्त किंमत ही आपली खरेदीची किंमत धरता येते. मात्र ती त्या तारखेच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. ती दोन लाख धरू. नफा झाला अडतीस लाख. यावर साडेबारा टक्के कर लागतो. जमीन २३ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून वीस टक्क्यांनीही हिशोब करता येतो, आणि दोहोंत जो कर कमी तो भरायचा. आपल्या उदाहरणात २००१ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे दोन लाखांचे सात लाख बावन्न हजार होतात, आणि वीस टक्क्यांनी कर साडेसहा लाखांच्या घरात जातो. त्यापेक्षा साडेबारा टक्केच परवडतात.

इतर उत्पन्न काही नसेल तर नव्या करपद्धतीतली चार लाखांची मूळ मर्यादा या नफ्यातून वजा होते. राहिले चौतीस लाख. त्यावर कर सव्वाचार लाख आणि चार टक्के उपकर सतरा हजार, एकूण ४,४२,००० रुपये. "बारा लाखांपर्यंत कर नाही" असे आपण ऐकले असेल. ती सूट पगारासारख्या नेहमीच्या उत्पन्नाला आहे, जमिनीच्या अशा नफ्याला ती लागत नाही.

आता घराची सवलत. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम ५४एफ सांगते की, दोन वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे असलेली जमीन विकून आलेली निव्वळ रक्कम भारतात एका राहत्या घरात घातली तर नफ्यावर सूट मिळेल. वारशाने आलेल्या जमिनीला वडिलांकडे असल्याचा काळही धरतात. घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत विकत घ्यावे, अथवा विक्रीनंतर तीन वर्षांत बांधून पुरे करावे. जागा घेऊन त्यावर बांधले तर जागेची किंमतही धरली जाते. जुन्या वाड्याचे पत्रे बदलले, रंग दिला, फरशी बसवली, हे मात्र नवे घर नव्हे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नुसता नफा घातला की काम झाले असे नाही. हातात आलेली पूर्ण निव्वळ रक्कम घरात गेली तरच पूर्ण सूट. आपल्या उदाहरणात चाळीस लाखच्या चाळीस लाख घरात गेले तर कर शून्य. तीस लाख गेले तर अडतीस लाखांच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे साडेअठ्ठावीस लाखांवर सूट. उरलेल्या साडेनऊ लाखांतून चार लाखांची मर्यादा वजा करून साडेपाच लाखांवर कर, उपकरासह ७१,५०० रुपये. चार लाख बेचाळीस हजार कोठे आणि एकाहत्तर हजार कोठे!

अटी आहेतच. जमीन विकण्याच्या दिवशी आपल्या नावावर, हे नवे घर सोडून, एकापेक्षा जास्त राहती घरे नसावीत. गावात घर आहे आणि तालुक्याला फ्लॅटही आहे, तर ही सवलत गेली. सामायिक वाड्यात हिस्सा असेल तर त्यावरूनही वाद निघतो, म्हणून ते आधीच सांगून सल्ला घ्या. नवे घर ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्याच नावावर घ्या. मुलाच्या नावावर घर घेऊन बापाने सूट मागितली की भांडण ठरलेले. आणि नवे घर तीन वर्षे विकू नका. विकले तर दिलेली सूट परत घेतात.

घर नको, दुसरी शेतजमीनच घ्यायची असेल तर कलम ५४बी आहे. विकलेल्या जमिनीत आधीची दोन वर्षे आपण किंवा आपल्या आईवडिलांनी शेती केलेली असली पाहिजे, आणि नवी शेतजमीन दोन वर्षांत घेतली पाहिजे. शेती केल्याचा पुरावा सातबाऱ्यावरची पिकाची नोंद. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच हातात आली आहे, आणि आम्ही ओरडून सांगतो तरी पुष्कळ लोक ती करत नाहीत. पीक विम्यासाठी नाही तर नाही, निदान यासाठी तरी करा. 'पड' अशी नोंद असलेल्या जमिनीवर ही सवलत मागणे अवघड आहे.

पैसे कोठे ठेवायचे?

अण्णांची खरी चूक येथे झाली. घर लगेच उभे राहत नाही. वाळू मिळत नाही, मिस्त्री पळतो, पावसाळा येतो. दरम्यान पैसा कोठे ठेवायचा? कायदा सांगतो की, रिटर्न भरण्याची मुदत संपण्यापूर्वी न खर्चलेली रक्कम 'भांडवली नफा खाते योजना, १९८८' या योजनेच्या खात्यात ठेवा. आपल्यासारख्यांना ही मुदत साधारणपणे विक्रीचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३१ जुलै असते. असे केले की घर बांधायचे बाकी असले तरी त्या वर्षी सूट मागता येते.

अण्णांनी ठेव ठेवली ती जिल्हा बँकेत, तीही साधी मुदत ठेव. ती चालत नाही. पतसंस्थाही चालत नाही. हे खाते नेमून दिलेल्या बँकांतच निघते, आणि त्यांच्या ग्रामीण शाखेत निघत नाही. गावच्या शाखेतून "आमच्याकडे असले खाते नाही" असे उत्तर मिळाले तर रागावू नका. स्टेट बँक किंवा दुसऱ्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शहरातल्या शाखेत जा. खाते दोन प्रकारचे असते. 'अ' प्रकार बचत खात्यासारखा आणि 'ब' प्रकार मुदत ठेवीसारखा. बांधकाम सुरू असेल तर लागेल तसे काढता यावेत म्हणून 'अ' प्रकारात पुरेशी रक्कम ठेवा. काढलेला पैसा साठ दिवसांत घरावर खर्च करायचा असतो, आणि पुढच्या वेळी काढताना आधीच्या पैशाचे काय केले ते लिहून द्यावे लागते. खाते बंद करायला आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तीन वर्षांत पैसा घरात गेला नाही तर उरलेल्यावर त्या वर्षी कर लागतो. व्याजावर कर वेगळा.

पावती नाही तर घर नाही

अण्णांनी घरावर चोवीस लाख घातले. पावत्या निघाल्या पंधरा लाखांच्या. सिमेंट आणि सळई दुकानातून बिलावर घेतली होती, वीट-वाळू रोखीने, मिस्त्री आणि सुतार रोखीने. नंतर अभियंत्याचा मूल्यांकनाचा दाखला जोडला, त्याने थोडी भर पडली, पण सगळी रक्कम मान्य झाली नाही. कर आणि त्यावरचे व्याज भरताना एका हंगामाचे उसाचे बिल गेले. रिटर्न वेळेत भरून, पैसे योग्य खात्यातून काढून, मिस्त्रीला चेक दिला असता तर यातले पुष्कळसे वाचले असते.

तेव्हा घर बांधताना एक फाईल करा. ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची बांधकाम परवानगी, नमुना आठचा उतारा, साहित्याची बिले, मजुरीच्या चेकची नोंद, वीजमीटर बसल्याची तारीख, पाया, छत आणि वास्तुशांतीचे फोटो. वास्तुशांतीचे फोटो सगळेच काढतात, पायाचे कोणी काढत नाही.

विक्रीच्या वेळीही दोन गोष्टी पाळा. इसारापोटी किंवा कशाहीपोटी वीस हजार किंवा जास्त रक्कम रोखीने घेऊ नका. तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि खरेदीखतात किंमत कमी दाखवू नका. शीघ्रसिद्ध गणकाची किंमत दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल तर आयकरासाठी तीच धरली जाते, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर. वर घराच्या सवलतीचा हिशोबही बिघडतो.

रिटर्न कसे भरायचे

जमिनीचा नफा दाखवायला 'आयटीआर-२' हा नमुना लागतो, आणि धंद्याचे उत्पन्नही असेल तर 'आयटीआर-३'. सोपा 'आयटीआर-१' यासाठी चालत नाही. कोणी घाईत तोच भरून देत असेल तर थांबवा. भांडवली नफ्याच्या परिशिष्टात विक्रीची तारीख, किंमत, खरेदीची किंमत लिहून त्याखाली कलम ५४एफची वजावट मागायची असते. तेथे नव्या घराची तारीख व खर्च, आणि योजनेच्या खात्यात ठेवलेली रक्कम, तारीख, खाते क्रमांक व शाखेचा संकेतांक विचारतात. पासबुक जवळ घेऊनच बसा. जमीन करपात्र पट्ट्यातली आणि किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापलेला असतो. तो आपल्या नावावर दिसतो का पाहा आणि करातून वजा घ्या. कर शून्य असेल तर तो परत मिळतो. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत आधारच्या सांकेतिक क्रमांकाने पडताळणी करा, नाहीतर भरलेले न भरल्यासारखे. ईमेल आणि मोबाईल आपला किंवा घरच्या शिकलेल्या मुलीचा द्या.

जमिनीवर भावाबहिणींची नावे असतील तर प्रत्येकाने आपल्या हिश्शाचे रिटर्न वेगळे भरायचे. बहिणीला हिस्सा मिळाला असेल तर तिने सासरच्या गावी स्वतःच्या नावावर घर घेऊनही सूट मागता येते. भावाने तिच्या वतीने सगळे आपल्याच रिटर्नमध्ये दाखवणे बरोबर नाही.

नवा आयकर कायदा २०२५ साली झाला असून तो १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा आपला व्यवहार कोणत्या वर्षातला ते सांगूनच सल्ला विचारा.

मुलाचे गृहकर्ज

घरात एखादा मुलगा कारखान्यात किंवा शाळेत नोकरीला असतो, त्याने कर्ज काढून घर घेतलेले असते. त्याची सवलत वेगळी आहे. जुनी करपद्धती निवडली तर राहत्या घराच्या कर्जाचे वर्षाला दोन लाखांपर्यंत व्याज आणि मुद्दल, मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून इतर बचतीसह दीड लाखापर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा होते. नव्या पद्धतीत राहत्या घराला यातले काही मिळत नाही, आणि न सांगता भरले तर नवी पद्धतीच धरतात. दोन्हीने हिशोब करून कमी कर येईल ती निवडावी. नवरा-बायको दोघे मालक, दोघे कर्जदार आणि दोघे हप्ते भरणारे असतील तर दोघांनाही आपापली वजावट मिळते. पण घर मुलाच्या नावावर आणि हप्ते बापाच्या दुधाच्या पैशातून, असे असेल तर बापाला काही मिळत नाही.

अण्णांच्या धाकट्या भावाने आपला हिस्सा विकला तेव्हा ते दोघे आधी माझ्याकडे आले, मग लेखापालाकडे. तालुक्याच्या शाखेत खाते निघाले, रिटर्न वेळेत भरले, घराचा पाया झाला आणि पायाचा फोटोही निघाला. पासबुकाची झेरॉक्स ते माझ्याकडे ठेवायला देत होते. मी म्हटले, ती घरच्या पेटीत सातबाऱ्याशेजारी ठेवा, माझी बदली केव्हाही होईल.